सीबीसीत ‘इमॅच्युअर ग्रॅन्युलोसाइट २.४%’ आले आहे, बाबांचा रिपोर्ट समजून घ्यायचा आहे

सुपारीबाग (डिचोली)

नमस्कार. सगळे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

बाबा ६८ वर्षांचे. आमचे कुळागर आहे, पोफळी आणि त्यांवर चढवलेली मिरी. यंदा पाऊस उसंत घेईना, चर तुंबले, गडी मिळेना, म्हणून बाबा स्वतःच फावडे घेऊन पाण्यात उतरले. अनवाणी, आणि टाचेला भेगा. पुढच्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला. डोळे लालभडक झाले आणि पोटऱ्यांना हात लावू देईनात. ॲडमिट केले, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) निघाला. इंजेक्शनांनी ताप उतरला. त्यांना जुना दमा आहे, तिथे असताना धाप वाढली म्हणून स्टिरॉइडही सुरू केले. घरी सोडताना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कमी कमी करत बंद करायला सांगितल्या आहेत, त्या अजून चालू आहेत.

आता ताप नाही. पेज आणि खारातली आंबली मागून खातात, पडवीत येरझाऱ्या घालतात. घरी गेल्यावर सीबीसी करून दाखवायला या, असे सांगितले होते म्हणून जवळच्या लॅबमध्ये रक्त दिले. रिपोर्ट असा आहे:

हिमोग्लोबिन १२.१
पांढऱ्या पेशी १४,२००
न्यूट्रोफिल ७८.०, लिंफोसाइट १४.६, मोनोसाइट ५.९, इओसिनोफिल १.२, बेसोफिल ०.३
प्लेटलेट २,६२,०००
आणि खाली वेगळ्या ओळीत ठळक अक्षरांत: इमॅच्युअर ग्रॅन्युलोसाइट २.४%, पुढे तारा.

ही ओळ बाबांच्या आधीच्या एकाही रिपोर्टमध्ये नाही. मी जुनी फाइल काढून एकेक कागद तपासला. शिवाय पाच प्रकारांची बेरीज बरोबर १०० होते, मग हे २.४ कुठून आले? १०२.४ टक्के कसे होतील?

नेटवर शोधले तर दुसऱ्याच ओळीत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पुण्याच्या भावाला फोटो पाठवला, तो म्हणतो वेळ घालवू नका, सरळ मुंबईला टाटात घेऊन या. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. आईला मी अजून काही बोललेले नाही. तोवर हा कागद नीट वाचायला कुणी मदत कराल का?

म्हादईकाठ (वाळपई)

ताई, आधी धीर धरा. माझ्या मुलीला आठव्या महिन्यात सीबीसीत हीच ओळ आली होती, १.९%. आम्हीही असेच घाबरलो होतो. तिच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितले की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, अशा पेशी थोड्या वाढलेल्या दिसतात. बाळंतपणानंतरच्या तपासणीत ते आपोआप खाली आले. तुमच्या बाबांची गोष्ट वेगळी आहे हे कळते, पण ही ओळ आली म्हणजे कॅन्सरच, असे नाही, एवढे मी अनुभवाने सांगते. बाकी जाणकार सांगतील. इथे एक काचपट्टी म्हणून ताई लिहितात, त्यांनी बघितले तर बरे.

काचपट्टी (फोंडा)

बघितले. मी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाले. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे आणि निदानाचे सोमवारी डॉक्टरच सांगतील. पण हा कागद कसा तयार होतो ते मला माहीत आहे, आणि माझ्या मते तुमची अर्धी भीती तिथेच आहे.

न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, तयार होतात. सुरुवात ब्लास्टपासून होते, मग प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, मग बँड, आणि शेवटी केंद्रकाचे तीन-चार तुकडे पडलेली पूर्ण वाढलेली पेशी. या सगळ्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि रक्तात आल्यावर ती पेशी काही तासच फिरते, पुढे ऊतींमध्ये शिरते. म्हणजे मॅरोला रोज प्रचंड संख्येने नवीन पेशी द्याव्या लागतात. मोठा जंतुसंसर्ग झाला की मागणी एकदम वाढते, तयार साठा पुरत नाही आणि मधल्या टप्प्यातल्या पेशीही बाहेर सोडल्या जातात. तुम्ही शेतीवाडीतल्या आहात म्हणून सांगते, भाताचा तरवा पुरता तयार होण्याआधीच उपटून लावायची पाळी यावी, तसे.

तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ म्हणजे या मधल्या तीन टप्प्यांची गणती: प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट. बँड त्यात धरत नाहीत. आणि हे मनात पक्के ठेवा: ब्लास्टही त्यात नाहीत. नेटवर ‘इमॅच्युअर व्हाइट सेल’ असे शोधले की ब्लास्ट आणि हे, सगळे एकाच पिशवीत घालून ल्युकेमिया दाखवतात. रक्तात ब्लास्ट दिसणे ही निराळी आणि तातडीची गोष्ट आहे. मशिनला तशी शंका आली तर ते वेगळी सूचना देते, आणि मग कुणीतरी स्लाइड बघून ‘ब्लास्ट’ हा शब्द रिपोर्टमध्ये लिहितो. तुम्ही लिहिले आहे त्यात तो कुठे नाही.

आता जुन्या रिपोर्टांत ही ओळ का नाही. बाबांमध्ये काही नवीन उपटले म्हणून नव्हे, मशिन नवीन आहे म्हणून. छोट्या लॅबमध्ये अजूनही तीन भागांचे मशिन असते, ते पांढऱ्या पेशींचे ढोबळ तीन गट करते. पाच भागांचे मशिन पाच प्रकार देते. त्यापुढची मशिने लेझर आणि फ्लुओरेसंट रंग वापरून या अपरिपक्व पेशीही वेगळ्या मोजतात. जुन्या मशिनवर या पेशी असत्या तरी त्यांची ओळ छापून आली नसती.

बेरजेचे तुम्ही अगदी बरोबर पकडलेत. बऱ्याच मशिनांवर या पेशी न्यूट्रोफिलच्या टक्केवारीत आधीच धरलेल्या असतात आणि माहितीसाठी खाली पुन्हा वेगळ्या दाखवतात. तुमच्या बाबांच्या ७८ टक्क्यांतलेच हे २.४ आहेत. वरून आणखी २.४ नाहीत.

टक्केवारी एकटी कधी वाचू नये, एकूण पेशींशी गुणावी. १४,२०० चे २.४ टक्के म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ३४० पेशी. निरोगी माणसात हा आकडा बहुतेक लॅबच्या मर्यादेप्रमाणे शंभराच्या आत असतो आणि टक्केवारी अर्ध्या ते एका टक्क्याच्या आत. तेव्हा वाढलेला आहे हे खरे, तारा छापला तो उगाच नाही. पण नुकताच लेप्टो होऊन गेलेल्या आणि स्टिरॉइड घेत असलेल्या माणसात हा आकडा वाढलेला दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. लेप्टोत पांढऱ्या पेशी आणि त्यातही न्यूट्रोफिल बहुतेकदा वाढतात (डेंगूत उलट, पेशी उतरतात). स्टिरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि मॅरोतूनही जास्त सोडले जातात, म्हणून ताप गेल्यावरही काउंट चढा राहू शकतो. मात्र काउंट उतरावा म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका हो. दमेकरी माणूस आहे, त्या ठरल्याप्रमाणेच कमी व्हायला हव्यात.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ॲडमिट झाले तेव्हाचा पहिला सीबीसी, आणि स्लाइड बघून कुणी काही लिहिले असेल तर ते. डिस्चार्जच्या कागदांत असेल.

सुपारीबाग

ताई, वाचताना रडू आले. बेरजेचे कोडे सुटले तिथेच जरा श्वास मोकळा झाला.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसाचा रिपोर्ट मिळाला. पांढऱ्या पेशी १९,६००, प्लेटलेट ८८,०००, क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) वाढलेले होते, ते सोडताना नॉर्मल झाले. त्या रिपोर्टमध्ये इमॅच्युअरची ओळ नाही, पण खाली हाताने लिहिले आहे. अक्षर लावून लावून वाचले: ‘न्यूट्रोफिलिया विथ लेफ्ट शिफ्ट. मायलोसाइट १, मेटामायलोसाइट ३. टॉक्सिक ग्रॅन्युलेशन. नो ब्लास्ट्स सीन.’

याचा अर्थ तेव्हाही होत्याच ना या पेशी? मग आम्हाला कुणी सांगितले कसे नाही? आणि तेव्हा ४ होत्या, आता २.४, म्हणजे कमी झाल्या असे म्हणायचे का?

काचपट्टी

हेच हवे होते. हाताने लिहिलेल्या त्या चार ओळींना मी मशिनच्या पानभर आकड्यांहून जास्त मान देते.

तिथे कुणीतरी बाबांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला, लीशमन नावाच्या रंगाने रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघितला. न्यूट्रोफिलिया म्हणजे न्यूट्रोफिल वाढलेले, आणि लेफ्ट शिफ्ट म्हणजे त्यांत अर्धवट वाढलेल्या पेशीही जास्त दिसणे. लीशमनमध्ये चांगली रंगलेली स्लाइड बघितली की मायलोसाइट ओळखू येते: केंद्रक गोल किंवा अंडाकार, एका बाजूला सरकलेले, भोवती बारीक दाणे. मेटामायलोसाइटचे केंद्रक काजूच्या बीसारखे वळलेले असते. आणि टॉक्सिक ग्रॅन्युलेशन म्हणजे न्यूट्रोफिलमधले दाणे नेहमीपेक्षा जाड आणि गडद जांभळे दिसणे. घाईने तयार झालेल्या पेशींत ते दिसते, जास्त करून मोठ्या जंतुसंसर्गात. ल्युकेमियाच्या शंकेत ही बाब संसर्गाच्या बाजूने जाते. आणि ‘नो ब्लास्ट्स सीन’ हे तुमच्यासाठी कुणीतरी आधीच शोधून, बघून लिहून ठेवले आहे.

कुणी सांगितले नाही, कारण ऐन लेप्टोत हे अपेक्षितच असते. तेव्हा डॉक्टरांचे लक्ष किडनी, प्लेटलेट आणि धाप यांवर असणार. तुमची तक्रार मला समजते, दोन वाक्ये बोलले असते तर तुमची ही रात्र वाचली असती.

आता ४ आणि २.४. उतार आहे असे वाटते, पण या दोन आकड्यांची सरळ तुलना मी करणार नाही. हाताने मोजताना आपण १०० पेशी मोजतो. शंभरात चार सापडल्या तर खरे प्रमाण एक टक्का असू शकते किंवा नऊ-दहाही, इतकी ती पद्धत अशा थोडक्या पेशींसाठी ढोबळ आहे. मशिन हजारो पेशी मोजते, म्हणून लहान आकड्याला त्याचा भरवसा जास्त. डोळा मात्र ती पेशी कसली, कशी दिसते, सोबत आणखी काय आहे ते सांगतो, जे मशिनला नीट जमत नाही. दोन्ही लागतात. एकूण काउंट १९,६०० वरून १४,२०० वर आला आणि प्लेटलेट ८८ हजारांवरून वर चढले, ही तुलना मात्र खात्रीची.

सोमवारी डॉक्टरांना एवढे विचारा: पेरिफेरल स्मिअर, म्हणजे अशीच रक्ताची स्लाइड, करून पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्यायचा का, आणि स्टिरॉइड संपल्यावर सीबीसी कधी परत करायचा. रक्त देताना लॅबला सांगा की लेप्टो होऊन गेला आहे आणि प्रेडनिसोलोन चालू आहे. फॉर्मवर लिहायलाच लावा. आम्हाला स्लाइडसोबत नुसते नाव आणि वय येते, पुढे काही नसते. स्लाइड बघणाऱ्याला एवढी एक ओळ मिळाली तर तो काय शोधायचे ते ठरवून बघतो. आणि लॅब नमुना बाहेरगावी पाठवत असेल तर स्लाइड इथेच, ताज्या रक्ताची करून ठेवायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त बराच वेळ राहिले की पेशी फुगतात, केंद्रके विचित्र दिसायला लागतात आणि बघणारा विनाकारण गोंधळतो.

सोमवारच्या आधी पुन्हा ताप चढला, बाबा गुंगीत वाटले, लघवी कमी झाली, धाप वाढली किंवा हिरड्यांतून वगैरे रक्त आले तर वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

झुआरी (वास्को)

काचपट्टीताईंचे सगळे पटले. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण हा धागा उद्या आणखी कुणी वाचेल आणि त्याच्या घरात लेप्टोही नसेल, स्टिरॉइडही नसेल.

माझा धाकटा भाऊ बोटीवर. पुन्हा जॉइन होण्याआधी मेडिकल असते, त्यात सीबीसी केला. माणूस ठणठणीत, ताप नाही, खोकला नाही. फक्त जेवण थोडे केले तरी पोट भरते आणि डाव्या बरगडीखाली जड वाटते, म्हणायचा. पांढऱ्या पेशी १,८४,०००. मायलोसाइट, मेटामायलोसाइट खच्चून, बेसोफिल ७ टक्के, प्लेटलेट वाढलेले, सोनोग्राफीत पाणथरी (प्लीहा) मोठी. लॅबने फोन करून बोलावले. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गेलो, पुढे बीसीआर-एबीएल ही जनुकाची टेस्ट झाली आणि सीएमएल निघाला, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

यातला दोष नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलल्यामुळे होतो. ते छोटे गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडले, म्हणून त्याचे नाव फिलाडेल्फिया गुणसूत्र. आणि त्या नेमक्या दोषावर बसणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भाऊ तीच घेतो, रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल किती उतरले ते बघायचे. आता तो घरी आहे, स्वतःचे छोटे दुकान चालवतो आणि मुलीला शाळेत सोडतो.

माझे सांगणे एवढेच की कारण समोर दिसत नसताना काउंट चढत असेल, या पेशी प्रत्येक रिपोर्टमध्ये वाढत असतील, बेसोफिल वाढलेले असतील, वजन उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा पाणथरी लागत असेल, तर ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून फाइल बंद करू नका. ताई, तुमच्या बाबांचे बेसोफिल ०.३ आहेत आणि काउंट उतरतोय, त्यामुळे हे तुमच्यासाठी नाही.

काचपट्टी

झुआरी, हे तुम्ही लिहिलेत ते फार चांगले केलेत. त्यात एक भर घालते. अपरिपक्व पांढऱ्या पेशींबरोबर केंद्रक असलेल्या लाल पेशी आणि अश्रूच्या थेंबासारख्या लाल पेशीही स्लाइडवर दिसल्या, तर मॅरोतच काहीतरी बिघाड आहे का हे बघावे लागते: मायलोफायब्रोसिस (मॅरोत तंतू वाढण्याचा आजार), किंवा दुसरीकडचा कॅन्सर मॅरोत पसरलेला. मोठा रक्तस्राव, लाल पेशींचा नाश किंवा जिवावरचे आजारपण यांतही तसे चित्र येऊ शकते, म्हणून तिथेही निदान नुसत्या स्लाइडवर होत नाही. आणि किमोनंतर काउंट वाढवायची इंजेक्शने घेतलेल्या माणसाच्या रक्तात तर या पेशी भरपूर येतात. तो त्या औषधाचाच परिणाम असतो. अशा घरातल्या कुणी हे वाचून घाबरू नये.

सुपारीबाग

सोमवार झाला, सगळ्यांना कळवते.

फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लेप्टो आणि प्रेडनिसोलोन लिहिले. लॅबच्या मुलाने विचारले, कुणी सांगितले? म्हटले, फोंड्याच्या ताईंनी. स्लाइड तिथेच केली आणि संध्याकाळी पॅथॉलॉजिस्टचा शेरा आला: ‘सौम्य न्यूट्रोफिलिया, क्वचित मेटामायलोसाइट, ब्लास्ट नाहीत, लाल पेशी आणि प्लेटलेट व्यवस्थित.’ पांढऱ्या पेशी १०,३००, इमॅच्युअर ग्रॅन्युलोसाइट ०.९%.

डॉक्टरांनी पोट तपासले, पाणथरी लागत नाही म्हणाले. मुंबईला नेण्याची गरज नाही, गोळ्या ठरल्याप्रमाणे संपवा आणि त्यानंतर महिन्याने पुन्हा सीबीसी. भावाला स्लाइडचा शेरा पाठवला, तेव्हा कुठे तो शांत झाला. आईलाही सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, तुझ्या तोंडावरून मला कळलेच होते.

आता बाबांनी वेगळेच काढले आहे. पोफळींवर कोळेरोग (सुपाऱ्या कुजवणारी बुरशी) दिसतोय, त्यावर बोर्डो मिश्रण फवारायला माणसे आणतो आणि मी नुसता उभा राहतो, म्हणतात. परत लेप्टो होऊ शकतो का?

काचपट्टी

०.९ आणि १०,३०० म्हणजे सुमारे ९०. छान उतरले. महिन्याचा सीबीसी शक्यतो याच लॅबमध्ये, याच मशिनवर करा, म्हणजे तुलना सरळ होईल.

लेप्टो परत होऊ शकतो. त्याचे बरेच प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणून बाकीच्यांपासून संरक्षण मिळत नाही. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि भेगांतून शिरतात. तेव्हा टाचा भरून येईपर्यंत बाबांना चराच्या पाण्यात पाय घालू देऊ नका. नंतरही गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातमोजे घालूनच. गड्यांनाही तेच द्या. तुमच्याकडची माणसे बहुतेक अनवाणीच उतरत असणार. पावसात चरात उतरणाऱ्यांना आठवड्याची डॉक्सिसायक्लिन द्यायची का, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. स्वतःच्या मनाने आणून घेऊ नका. आणि त्यांच्यापैकी कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू देऊ नका, त्याच दिवशी केंद्रात पाठवा आणि कुळागरातल्या पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना सांगायला लावा.